पाइपातला बोळा

सोमवार, ४ मार्च
पोहोचले एकदाची. हेलिकॉप्टरमधून उतरले आणि भर समुद्रात उभा असलेला हा लोखंडी प्लॅटफॉर्म पाहून हसूच आलं. खोली कपाटाएवढी, खिडकी मात्र माझ्या एकटीची. काम प्रयोगशाळेतलं: समुद्रतळातून येणाऱ्या वायूत पाणी किती, ते रोज मोजायचं. झडपा सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मामा म्हणतात. मीही लगेच भाची झाले. पाइपातून निघालेला बर्फाचा एक तुकडा त्यांनी मला दाखवला आणि त्याला काडी लावली. बर्फ पेटला. तळाशी थंडी आणि दाब, त्यात पाणी आणि वायू मिळून असा बर्फ धरतो. तो धरू नये म्हणून पाइपात सतत मिथेनॉल सोडावं लागतं, म्हणाले.

शनिवार, ९ मार्च
मिथेनॉलचा पंप काल सहा तास बंद होता, कुणाच्या लक्षातच आलं नाही. आज वायू येईनासा झाला. पाइपात बर्फाचा बोळा बसलाय. मामांच्या मते दोन्ही बाजूंचा दाब सारखाच उतरवत नेला, तर पंधरवड्यात तो जागच्या जागी विरघळेल. पण पलीकडचं टोक तळाशी, तिथला दाब उतरवायला जहाज हवं, आणि जहाज वीस तारखेला येणार. प्लॅटफॉर्मच्या मुख्य साहेबांना तेवढा धीर नाही.

रविवार, १०
साहेबांनी फक्त आपल्या बाजूचा दाब उतरवायचं ठरवलं. मागचा दाब तसाच राहिला तर सुटलेला बोळा बंदुकीच्या गोळीसारखा येईल, हे मी त्यांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, नवीन आहात, परवानगीच्या कागदावर सही करा. मी केली. मामांना सांगायला तोंड नव्हतं, पण त्यांना आधीच कळलं होतं. म्हणाले, तरुणपणी मीही अशीच मान डोलावली होती, पोरी. दोन माणसं गेली.

सोमवार, ११. सकाळी दहा
मामा खाली झडपेवर. मी वर, दाबाच्या काट्यासमोर. दर दहा मिनिटांनी आकडा लिहायचा. मधल्या वेळात हे लिहितेय.

दहा वीस
पाइपात खरवडल्यासारखा आवाज. साहेब म्हणतात, भास.

साडेदहा
भास नाही. पेल्यातलं पाणी हलतंय. मामांना फोन केला, सगळं सोडा, वर या. म्हणाले, झडप बंद करून येतो, नाहीतर—
फोन तुटला.

साहेब दाराशी. काटा एकदम वर चढला—
जिन्यात पावलं. मामाच. दोन मजले राहिलेत— एक—
त्यांच्यामागून पाइपातला तो आवाजही वर—