पाणचक्कीवरचं पीठ

अब्बा, तुमच्या पाणचक्कीवर नारळ फोडला. गावाने ती दुरुस्त करून सगळ्यांसाठी उघडली, त्या दिवशी. नारळाबद्दल माझी तक्रार नाही, पाट सोडताना गावकरी दरवर्षी फोडायचे आणि तुम्हीच तो आणून ठेवायचात. पण तो ओढ्याकाठच्या धोंड्यावर. यांनी थेट चक्कीच्या वरच्या तळीवर, फिरणाऱ्या दगडावरच फोडला, फोटो चांगला येतो म्हणे. पाणी मधल्या भोकातून आत गेलं, कुणीतरी घाईने गहू ओतले, पाणी सोडायला पाटाची फळी उचलली, आणि आत कणीक तिंबली जाऊन दोन्ही तळ्या एकमेकींना घट्ट चिकटल्या. टाळ्या मात्र थांबेनात.

सहा जणांनी पहारी लावून वरची तळी उचलली. खालचीवर हात फिरवून बघितला. गुळगुळीत! तुम्ही गेल्यापासून तिला टाकी लागली नव्हती, छिन्नीने नव्या खाचा पडल्या नव्हत्या, ते कुणाच्या ध्यानातही नव्हतं. रंगरंगोटीवर मात्र तीन बैठका झाल्या होत्या. सरपंच म्हणाला, "ताई, पीठ कशाला पायजे? सूस-बावधनची शहरातली लोकं चक्की फिरताना बघाय येत्यात. मोकळीच फिरवू की." मोकळी! एकदम आठवलं, मी नऊ वर्षांची आहे, मैत्रिणींना ऐट दाखवायला फळी उचलते, वरच्या डब्यात दाणा नाही. तुम्ही पिठाने पांढरे झालेले धावत येता. "मोकळी चक्की फिरवायची न्हाई. दगूड दगडाला खातो, आन मग ती कच माणसाच्या पोटात जाती." एवढं बोललात आणि फळी खाली पाडलीत. हे सगळं मी बैठकीत सांगितलं. चक्कीने दळलं नाही तर ती खेळणं होईल, असंही सांगितलं. सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या. मग पाथरवट बोलवा म्हटलं, तर सरपंच म्हणतो, "चक्कीवाल्याची लेक हितं असताना पाथरवट कशाला?" आणि जन्मभर बँकेत शिक्के मारलेली मी, फुशारकीने म्हणून बसले, लावते मी टाकी.

तीन दुपारी छिन्नी-हातोडी घेऊन बसले. तुमचा हात कसा चालायचा ते आठवत राहिले. आठवलं एवढंच, की तुम्ही ठोकायचात आणि मी कानात बोटं घालून "अब्बा, पुरे ना" म्हणायचे. एकदा तुम्ही छिन्नी माझ्यापुढे धरलीत, "शिकतीस का?" मी म्हणाले, परीक्षा आहे. परीक्षा वगैरे काही नव्हती, केसात दगडाची भुकटी नको होती. पण तुम्ही तरी एकदाच विचारून गप्प बसायचं? शाळेसाठी माझ्या मागे लागायचात, तसं यासाठी लागला असता तर काय बिघडलं असतं? तुमचा इतका राग येतो ना कधी कधी.

तर चक्की फिरली. पीठही पडलं. घरी चपाती केली आणि पहिल्याच घासाला दाताखाली कचकच. सगळं पीठ खड्ड्यात टाकलं. रविवारी लोक येणार होते आणि "पाणचक्कीचं पीठ" असं छापलेल्या पिशव्या तयार होत्या. त्या भरल्या, वाटल्या. पुढच्या रविवारी बावधनच्या एक बाई मुद्दाम परत आल्या, माझा हात धरून म्हणाल्या, "दगडावरच्या पिठाची चवच वेगळी हो, आईची आठवण झाली." त्यांचे डोळे भरले होते. सरपंच हसून म्हणाला, "ताई, तुमीच जिकला. आता पीठच देत जाऊ."

त्या पिशव्यांतलं पीठ पौडच्या विजेच्या चक्कीवरचं होतं, अब्बा. मी स्वतः जाऊन दळून आणलं. मला टाकी लावता येत नाही, हे अजून गावात कुणाला सांगायची हिंमत झालेली नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही हे वाचणार नाही. उद्या शनिवार. पौडला जायचंय.