कोपरखळीचं कार्ड

प्रिय धाकटे,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट भिरकावून द्यावंसं वाटेल. देऊ नकोस. एवढं एकच वाच.

मी अजून शब्दकोशाच्या कचेरीतच आहे. तेच कार्डांचे खण आणि चहा गार झाला की डाफरणारे तेच संपादक. सध्या 'क' चालू आहे. गेल्या सोमवारी माझ्या वाट्याला 'कोपरखळी' आली. अर्थ झटक्यात लिहिला: हसत हसत, न दुखवता केलेली टीका. मग वापराचं वाक्य हवं, तेही खरोखर कुणीतरी बोललेलं. मनानं रचलेलं आमच्याकडे चालत नाही. मला आईच आठवली. तू तासभर उशिरा जेवायला आलीस की म्हणायची, "या बाईसाहेब, उद्याच्या जेवणाला अगदी वेळेवर आलात!" आणि सगळ्यांच्या आधी तूच खो खो हसायचीस.

ते लिहायला घेतलं आणि हातून दुसरंच उतरलं: "आलीस? आई वाट बघून कंटाळली गं." आई गेली त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यापाशी, मामा-मावशीच्या देखत, मी तुला म्हटलं होतं ते. आईच्याच सुरात, ओठांवर हसू ठेवून. तुझ्या पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. तू एक शब्द बोलली नाहीस, ती आजतागायत. मी कार्ड फाडलं, दुसरं घेतलं. पुन्हा तेच वाक्य. आता जिना चढताना, भांडी विसळताना माझाच आवाज पाठीमागून येतो, हसरा. मी दचकून वळते. भीती वाटते गं मला त्याची.

संपादक रोज कार्ड मागतात. मी उद्यावर ढकलते, कारण ती कोपरखळी नव्हतीच, आणि हे तुझ्याआधी त्यांना कसं सांगू?

त्या दिवशी सकाळी आठ वाजता आईनं तुझं नाव घेतलं होतं. "तिला बोलव," म्हणाली. डॉक्टरही म्हणाले, आत्ताच बोलवा. तीन महिने उशाशी मी, आणि तोंडी नाव तुझं. माझं डोकं फिरलं. मी खाली जाऊन बाकावर बसून राहिले. तुला फोन केला तेव्हा दहा वाजले होते. आई दहा वाजून दहा मिनिटांनी गेली, तू दहा वाजून वीस मिनिटांनी पोचलीस. माझं पाप मी सगळ्यांसमोर हसत हसत तुझ्या माथी मारलं. तुला उशीर झाला नव्हता गं. उशीर मी केला होता.

तुझीच,
ताई