नाक वाहतंय तोवर

प्रिय ताई,

सकाळी काचेतून तू नाक चिमटीत धरून दाखवलंस आणि भुवया उडवल्यास. म्हणजे विचारत होतीस, थांबली का सर्दी? नाही गं, थांबली नाही. नाक वाहतंय ते वाहतंयच, आणि जोवर ते वाहतंय तोवर तुझ्या खोलीत माझं पाऊल पडायचं नाही, असा या हॉस्पिटलचा नियम. दारावरची ती उंच सिस्टर नियमाची भारी पक्की. तिच्यापुढे नाक घासायलाही मी तयार होते, पण हे असलं नाक घासलं असतं तर तिने वर फरशी पुसायला लावली असती. मग बसते खुर्ची टाकून काचेच्या अलीकडे. तुझं पांघरूण सरकतं, पावलं उघडी पडतात आणि मला ते ओढून नीट करता येत नाही. तेवढ्यासाठी मला आत यायचंय. बाकी काही नको.

दुकानाची काळजी करू नकोस. आपली लॉन्ड्री सध्या तुझे मेहुणे सांभाळतायत. म्हणजे आमचे हे कधी इस्त्री हातात धरतील असं वाटलं होतं का तुला? हॉटेलच्या चादरी वेळेवर जातात, दातांच्या डॉक्टरांचे कोटही गेले. फक्त पँटीला एकाच्या जागी दोन-दोन घड्या पाडून ठेवतात. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, ही पँट आहे की आगगाडीचे रूळ? ह्यांनी त्यावर तावातावाने सांगितलं की हल्ली अशीच फॅशन आहे. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस, आणि मग ती पँट हिसकावून घेऊन स्वतः केली असतीस.

इथे बसून बसून लहानपणच जास्त आठवतं. मला बाराही महिने सर्दी, म्हणून गल्लीत माझं नाव शेंबडी. कुणी तसं चिडवलं की तू त्याच्या अंगावर धावून जायचीस, आणि घरी आल्यावर तूच त्या नावाने हाका मारायचीस. फ्रॉकच्या टोकाने माझं नाक पुसायचीस तेही असं, की आता नाकच हातात येतंय. एकदा मी विचारलं, ताई, हे एवढं सगळं येतं कुठून? तू अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलंस, मेंदू वितळतोय तुझा, जपून वापर. त्यानंतर कितीतरी दिवस मी शाळेत काही पाठच केलं नाही. बाई रागावल्या, पण मी मेंदू वाचवत होते, त्यांना काय सांगणार!

तुझ्या त्या उत्तराची मी आता इथल्या डॉक्टरीणबाईंकडून दुरुस्ती करून घेतली आहे. झालं असं, की मला शहाणपण सुचलं. औषधाच्या दुकानातून नाक सुकवायच्या गोळ्या आणल्या, दोन घेतल्या आणि नाक कोरडं झाल्याबरोबर तुझ्या दाराशी जाऊन उभी राहिले, जशी काही मला सर्दी कधी झालीच नव्हती. सिस्टरने एकदा माझा गेंगाणा आवाज ऐकला आणि दिलं परत पाठवून. डॉक्टरीणबाई तिथेच होत्या. ओरडल्या नाहीत, बाकावर शेजारी बसल्या. म्हणाल्या, वाहणारं नाक हा आजार नाही हो, ते शरीराचं काम आहे. तो चिकट द्राव नाकात एरवीही असतोच, आपण नकळत गिळत असतो. जंतू शिरले की नाकातलं अस्तर सुजतं, पाणी पाझरायला लागतं, द्राव दुप्पट तयार होतो. जंतू त्यात चिकटतात आणि बाहेर वाहून जातात. गोळीने वाहणं थांबतं, जंतू तिथेच असतात. मला इतकी लाज वाटली! डाग ओला आहे तोवर पाणी सोडत राहायचं, वाळला की बसला, हे बाबांनी आपल्याला लिहायला-वाचायला येण्याआधी शिकवलेलं. आणि मी जन्माची धोबीण डाग झाकून कपडा गिऱ्हाइकाला द्यायला निघाले होते.

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. तो द्राव पुढे पिवळा-हिरवा दिसतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे. जंतूंशी लढून मेलेल्या पेशी असतात त्यात. आपण तोंड वाकडं करून रुमालात गुंडाळतो आणि टाकून देतो. मी ऐकत होते, आणि मला तू आठवलीस. ताप चढल्यावरही तू फोनवरून मला चिडवलंस, बघ, ताप मला आणि नाक तुझं वाहतंय, माझं नाक किती शहाणं! मी हसले होते. ताई, ते शहाणं नव्हतं गं. तुझ्या आजारावरच्या या जालीम औषधांनी तुझ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपवल्यात. तुझ्याकडे लढायलाच कुणी उरलं नव्हतं. त्या दिवसापासून मी रोज काचेतून तुझ्या नाकाकडे बघते. एकदा तरी शिंक, एकदा तरी ते लाल होऊ दे, असं कुणी कुणासाठी मागत असेल का? मी मागत होते.

आज दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, तुम्ही आता आत जाऊन बसा. मी म्हटलं, अहो, पण माझी सर्दी? त्या म्हणाल्या, असू दे. मास्क नसला तरी चालेल. मी आनंदाने हात धुवायला धावले. साबण लावला, आणि नळाखालीच माझे हात थांबले. परत आले तर सिस्टरने न विचारता दार धरलं होतं आणि ती दुसरीकडे बघत होती. तू मला बजावून ठेवलंयस, जे असेल ते मला आधी तू सांग, परक्याच्या तोंडून नको. फोन उचलला आणि परत ठेवून दिला. आणि मी तशीच आत आले असते तर माझं बिनमास्कचं तोंड बघूनच तुला कळलं असतं. म्हणून हे पत्र सिस्टरच्या हाती पुढे पाठवतेय. आता जपायचं काही उरलं नाही म्हणतात, म्हणून मला सोडतायत, ताई. मी दारातच उभी आहे. रडलं तरी डोळ्यांतलं पाणी आतल्या वाटेने नाकातच उतरतं म्हणे, तेव्हा आत आल्यावर हे सर्दीचं की कशाचं, ते विचारू नकोस. वाचून झालं की नुसती मान हलव. मी येते.

तुझीच,
धाकटी