एका बोटाखालचा चेंडू

८ मे २०१४, आखन, जर्मनी

अमेरिकन फुटबॉलची प्रॅक्टिस. तारास वाकून दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो, अलेक्सेई एका गुडघ्यावर बसून तो झेलतो आणि एका बोटाने जमिनीवर उभा धरतो, मी लाथ मारतो. बसली, म्हणजे चेंडू दोन उंच खांबांमधून गेला, तर विद्यापीठाच्या टीमला एक गुण. क्षणभराचं काम, पण तिघांपैकी एकाचं डोकं फिरलं की संपलं. आज तारासने चेंडू असा सोडला की अलेक्सेईचं नख उखडलं. चुकून नाही. गेल्या सेमिस्टरला हे दोघे एका ताटात जेवायचे! आता तारासच्या गावात, पूर्व युक्रेनमध्ये, बंदुका आल्यात, आणि अलेक्सेई रशियाचा. कोच म्हणाले, "मैदानावर युद्ध नाही. गेनाऊ?" सगळे म्हणाले गेनाऊ, बरोबर. तारास सोडून.

१७ मे

पहिली मॅच जिंकलो. माझ्या सगळ्या लाथा बसल्या. अलेक्सेई हवेकडे बघून "गुट", छान, एवढं म्हणाला. तारास पाणी प्यायला निघून गेला. बाकीची टीम बीअर प्यायला. मला काही जिंकल्यासारखं वाटेना.

२९ मे

सुट्टी, दुकानं बंद. घरात बेसन होतं म्हणून पिठलं-भात. दोघांना बोलावलं, एकमेकांना न सांगता. वाटलं, पोटात काही गेलं की निवळतील. वर माझं शहाणपण: "लाहोरचा बिलाल मेन्सात, विद्यापीठाच्या खानावळीत, रोज माझ्या शेजारी बसून जेवतो. तुम्ही तर घरी एकच भाषा बोलता, रशियन. मग बोला की!"

तारासने चमचा खाली ठेवला. "तीच भाषा बोलणारे माझ्या आईच्या गल्लीत बंदुका घेऊन उभे आहेत." उठून गेला.

अलेक्सेई बसून राहिला. मग सगळी भांडी घासली, कढईसुद्धा. "मी काय केलंय?" एवढंच विचारलं.

माती खाल्ली मी. मला युद्ध ठाऊक ते टीव्हीवरचं. तारासच्या आईच्या दारात ते आलंय.

२६ जून

तारासच्या आईचा फोन लागत नाही. भावाचाही नाही. प्रॅक्टिसला मोबाईल दिसला तर कोच मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. आज तेच तारासचा मोबाईल हातात धरून कडेला उभे होते, प्रॅ. संपेपर्यंत. वाजला नाही.

घरून आईचा फोन. "अरे, ते युद्ध तुझ्या जवळ आहे का?" लांब आहे म्हटलं. "बरं. जेवलास का?" हो म्हटलं. फोन ठेवल्यावर कशातच लक्ष लागेना. तिचा फोन येतो, लागतो, याचीच लाज वाटायला लागलीय.

५ जुलै

शेवटची मॅच. गावभर झेंडे लागलेत ते दुसऱ्या फुटबॉलचे, विश्वचषकाचे. आम्हाला बघायला कोण येणार? शेवटी बरोबरी. माझी एक लाथ बसली की जिंकलो. तारास चेंडूवर वाकला, आणि कडेला कोचच्या हातात त्याचा फोन वाजला.

तारास हलला नाही. चेंडूही सोडेना. अलेक्सेईने गुडघ्यावरूनच पंचाला खूण केली, टाइम-आउट. मग ओरडला, त्यांच्या भाषेत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तारास धावत सुटला.

भाऊ होता. आई तळघरात आहे, जिवंत आहे. भाऊ सैन्यात दाखल झालाय. पुढे लाइन कट.

तारास परत येऊन वाकला. चेंडू सरळ आला. बोट जागेवर होतं. मीच बाहेर मारला. जादा वेळेत हरलो. रडू आलं, पण मॅचचं नव्हतं.

१२ जुलै

तारास गेला. स्टेशनजवळून कीव्हची बस. "आईला बाहेर काढतो. मग बघतो."

मी त्याचा हात धरला. "मग बघतो म्हणजे काय? तूही भावासारखा... थिसिस आहे तुझा. परत येणार ना?"

"ते पिवळं चांगलं झालं होतं," म्हणाला. चढला.

अलेक्सेईला मी मुद्दामच कळवलं नव्हतं, मागचा शहाणपणा पुरे झाला. तरी आला. सायकली लावतात तिथे थांबला, पुढे येईना. बस हलली तसा फुटपाथवरच एका गुडघ्यावर बसला, दोन्ही हात पुढे. चेंडू यायचा असतो तेव्हा बसतो तसा. येणारे-जाणारे बघायला लागले.

तारास खिडकीशी होता. काचेवर ऊन. त्याने पाहिलं की नाही, कळलं नाही.

बस वळून गेली तरी अलेक्सेई उठेना. हाकही मारवेना. मग मीही त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो, लाथ मारायला उभा राहतो त्या जागी.