सॉनाच्या वाटेवरचे पांढरे दाणे

डलुथ,
११ जानेवारी १९८७

चि. रेनो यास,
अ. उ. आ.

तू इथल्या दुकानाकडून परस्पर धाडलेलं बर्फ वितळवायच्या दाण्यांचं पोतं मिळालं. मी ते मागितलं नव्हतं. या घरात आल्यापासून मागच्या दारापासून परसातल्या सॉनाच्या वाफेच्या खोलीपर्यंतच्या वाटेवर मी सॉनाच्या चुलीतली राखच टाकत आले. शनिवारी सगळे निथळत बाहेर येतात, ते पाणी वाटेवर गोठतं, आणि राखेवर पाय घसरत नाही. पण तुझ्या भावोजींना आता एकाएकी राख नकोशी झाली आहे. अंग धुऊन यायचं आणि काळ्या तळव्यांनी घरात शिरायचं, यात काय अर्थ, असं म्हणतात. एवढी वर्षं कुठे गेला होता हा अर्थ? बूट घाला म्हटलं, तर सॉनातून बूट घालून येतो तो पाहुणा, असं ऐकवलं.

साधं मीठ या थंडीत नुसतं पडून राहतं. तुझ्या दाण्यांनी मात्र बघता बघता बर्फ खाल्ला, हे कबूल करते. पोत्यावर लिहिलंय की कुत्र्यामांजरांना अपाय नाही. आमच्याकडे कुत्रा नाही. आणि तिकडे वाळवंटात बसून तुला आमच्या बर्फाची काळजी कशाला, तेही कळलं नाही.

माया आहेच, पण पुढच्या वेळी आधी विचारत जा.

तुझी अक्का,
आयली


फिनिक्स,
१७ जानेवारी

ती. अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इथल्या उन्हातही हुडहुडी भरली. अगं, मी जन्मभर हार्डवेअरचं दुकान चालवलं. राख काय, वाळू काय, वरवर बसतात आणि बर्फ खाली तसाच राहतो. मिठानं वाटेकडेची तुझी करवंदासारख्या फळांची झुडपं मेली असती. म्हणून मुद्दाम हे दाणे निवडले. इतकं चांगलं देऊनही बोलणी खायची, हे आमच्या नशिबी लहानपणापासून आहे.

शिवाय भावोजी गेल्या महिन्यात पडले तसे पुन्हा पडले, तर त्यांना उचलायला तू एकटी. दाणे सढळ हातानं टाक.

रागावलीस तरी चालेल, पत्र टाकायचं थांबवू नकोस.

तुझा,
रेनो


डलुथ,
२५ जानेवारी

रेनो,

आशीर्वाद मागाहून. आधी हे वाच.

काल मी तुझे दाणे सढळ हातानं टाकले. तुझे भावोजी सॉनातून बाहेर आले आणि नेहमीसारखे अनवाणीच वाटेवर उभे राहून शेजारच्या वाइनोशी गप्पा मारत राहिले. अंगातून वाफा निघत होत्या. मग आत आले, कॉफी घेतली, वेलदोड्याचा पाव खाल्ला. मी फरशीकडे पाहिलं तर दारापासून खुर्चीपर्यंत लालसर ओल्या खुणा. दोन्ही तळवे भाजून सोलवटले होते, आणि हा माणूस आणखी लोणी मागत होता. दुखलं नाही का विचारलं, तर कुठे काय, म्हणाले.

ओल लागली की तुझे दाणे तापतात. ते पोत्याच्या मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय: हातमोजे घाला, ओल्या कातडीला लावू नका. कुत्र्यांचे पंजे पुढे मोठ्या अक्षरांत, माणसाचे पाय मागे. दुकानदार म्हणवतोस ना, मग मागची बाजू वाचली नाहीस?

डॉक्टर म्हणाले, साखरेच्या आजारानं तळव्यांतली जाणीव कधीच गेली आहे. उजव्या अंगठ्याचं काही सांगता येत नाही, कापावा लागेल कदाचित. दवाखान्यातून बाहेर येताना तुझं पत्र आठवलं. गेल्या महिन्यात पडले, हे तुला कसं ठाऊक? मलाच ठाऊक नाही. याचं उत्तर दे, मग लोभाचं बघू.

आयली


फिनिक्स,
३१ जानेवारी

ती. अक्का,
नमस्कार करायलाही तोंड नाही.

भावोजींनी मला हेमंतातच लिहिलं होतं. पायांखाली काही कळत नाही, राख कुठे संपली आणि बर्फ कुठे लागला ते समजत नाही. डिसेंबरात एकदा पडले, तू चर्चमध्ये होतीस. तुला सांगू नको, अशी शपथ घातली. तुला कळलं तर तू सॉनाला कुलूप लावशील, ही त्यांना भीती. मला वाटलं, बर्फच नसला तर पडतील कशाला. अनवाणी पाय माझ्या डोक्यातच आले नाहीत. इथे येऊन मी बुटांचाच माणूस झालो.

मला वाटेल ते बोल. पण थोडं त्यांनाही बोल.

अंगठ्याचं कळव.

रेनो


डलुथ,
२२ फेब्रुवारी

चि. रेनो यास,
अ. उ. आ.

अंगठा राहिला. अनवाणी चालणं मात्र कायमचं बंद. उरलेले दाणे मी रस्त्याकडच्या पायवाटेवर टाकते, तिथे माणसं बूट घालून येतात आणि तिथे ते चांगले आहेत. मागे पुन्हा राख.

तुम्हा दोघांचा मला अजून संताप येतो. कुलूप लावलं असतं म्हणे. लावलं असतं, हो, दोन दिवस. रडले असते. मग काढलं असतं. पण माझ्याच नवऱ्याचे पाय मेलेत हे मला फरशीवरून कळावं? तुम्ही मला भीतीपासून वाचवलंत आणि त्यांच्यापासून लांब ठेवलंत.

काल ते पहिल्यांदा पुन्हा सॉनात गेले. बाहेर आले ते बूट घालून, मान खाली घालून. म्हणाले, पायांना थंडी लागत नसेल तर सॉना झाल्यासारखंच वाटत नाही. तेव्हा मी माझे बूट काढले आणि त्यांच्या पुढे चालायला लागले. कुठे खरखरीत, कुठे ओलं, कुठे हाडापर्यंत गार, ते सगळं सांगत गेले. ते माझा खांदा धरून मागून ऐकत होते. दाराशी पोचल्यावर म्हणाले, आयली, पुन्हा एकदा जाऊन येऊ या.

गेलो आम्ही.

राग उतरायला वेळ लागेल. तोवर लोभ आहे त्यावर भागव.

तुझी अक्का,
आयली