समुद्रात जाऊन आलेली गाडी

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज तुमच्या या लेकीला तुमच्याशी बोलायचं आहे ते एका गाडीबद्दल. जुनी आहे, लाल, आणि मालकाने ती कंपनीतून आली तशी ठेवलेली नाही. मोठा टर्बो बसवलाय, इंजिनाचं प्रोग्रॅमिंग बदललंय, आणि इतकी बसकी केलीय की सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर पोट घासते. पन्नाशीला आलेल्या बँकेतल्या बाईला हे काय सुचलं, असं घरात सगळ्यांना वाटतं. आयुष्यभर मी सगळ्यांना बसता येईल अशाच गाड्या घेतल्या. ही एक फक्त माझ्यासाठी हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

मालक एव्हरशाईन सिटीत राहतो, तिशीचा असेल. दहाला बोलावलं होतं, मी नवऱ्याला घेऊन मुद्दाम साडेनऊलाच गेले आणि आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम. थंड इंजिन सुरू होताना कसं कुरकुरतं ते गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये म्हणून गाडी आधीच तापवून ठेवतात, हे तुम्ही आपल्या नंदाखालच्या गॅरेजात किती जणांना सांगितलं असेल. पेट्रोल भरून आलो, म्हणाला. काटा पाव टाकीवर होता. आरसी बुकात एकाही बदलाची नोंद नाही. मूळचा सायलेन्सर माळ्यावर आहे, पासिंगच्या वेळी तेवढा लावायचा, हे त्याने मला नाही, माझ्या नवऱ्याला समजावलं. नवऱ्याला स्टेपनी कुठे असते तेही धड माहीत नाही, तो आपला मान डोलावत राहिला.

मग मी तुमचं ते केलं. खाली बसले, दाराखालच्या पत्र्याच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट. नवऱ्याने तोंड फिरवलं. अर्नाळ्याला ओहोटीच्या ओल्या वाळूवर गाड्या पळवायची हौस आपल्याकडे जुनीच. चाकं रुततात, भरती चढते, ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि मग वरून चकचकीत धुतलेली गाडी विकायला निघते. मी त्याला सरळच विचारलं. तो ओशाळला. "एकदाच गेलेली, ताई. दरवाज्यापर्यंत पाणी आलं होतं. सगळी वायरिंग चेंज केलीय, वर्कशॉपचा नंबर देतो, तुम्हीच विचारा."

इतक्या पटकन कबूल झाला म्हणून माझा संशय उलट वाढला. याच्या आड आणखी काय दडवतोय, एवढंच डोक्यात. गाडी चालवून पाहिली. टर्बोने ओढ घेतली तेव्हा मी चक्क हसले, नवऱ्याने पाहिलं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला फोन केला, ओळखीच्या मेकॅनिकला गाडी दाखवली. पाण्याबद्दल त्याने सांगितलेलं सगळं खरं निघालं. तरी काल मी त्याला गाडी नको असं कळवून टाकलं.

घरी सांगितलं, मिठाने पत्रा खाल्ला असेल. खरं कारण तुम्हालाच सांगता येईल, तेही या पत्राला कुठला पत्ता नाही म्हणून. मी पाचवीत असताना अशीच एक बुडालेली पांढरी गाडी तुम्ही उघडून, केळीच्या बागेत तिच्या सीटा वाळवून, माझ्या वर्गाच्या बाईंना विकलीत. त्यांना का नाही सांगत, असं मी विचारलं तर म्हणालात, "मोठ्यांच्या व्यवहारात तोंड घालायचं नाही. गप्प बसायचं." वर्षभरात ती गाडी सडली. माझा कुणावर विश्वास बसत नाही तो तुमच्यामुळे, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले. पण तो गाडीवाला मुलगा खरं बोलत होता, तरी मला त्यात माझाच पाचवीतला आवाज ऐकू येत होता. गाडी घ्यायच्या आदल्या दिवशी बाईंनी मधल्या सुट्टीत मला बाजूला घेतलं होतं. "तू खोटं बोलणार नाहीस म्हणून तुला विचारते. गाडी पाण्यात गेलेली नाही ना?"

मी "नाही गेलेली" म्हणाले, अण्णा. तुम्ही मला फक्त गप्प बसायला सांगितलं होतं.