आईच्या देखभालीचा खर्च

मंगळवार, संध्याकाळ

आज फ्रीगंजातल्या पोहेवाल्याने पोह्यांवर शेव घातली नाही. उज्जैनची संस्कृती बुडाली, असं लिहायला बसलो होतो. पण मन त्या शून्यापाशीच अडकलंय.

दुपारी सर्वेक्षणवाल्या मॅडम आल्या होत्या. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांवर घरोघर किती खर्च होतो, ते मोजतायत. वॉर्डात देखभाल केंद्र द्यायचं की नाही, ते त्यावरून ठरणार. मी ऐटीत सांगितलं, "आईचं सगळं घरीच होतं. खर्च शून्य."

त्या गेल्यावर बायको, सुषमा, शांतपणे म्हणाली, "आणि मी शाळेची नोकरी सोडली, ती हौसेनं?"

लगेच मॅडमना फोन लावला. "शून्य काट दीजिए. एक टीचर की पूरी तनख्वाह लिखिए."

"लिख दूँगी, अंकल. पर आपकी गली में सबने शून्य ही बताया है."

म्हणजे केंद्र गेलंच का? सुषमाची कंबर तर आताच धरते. आणखी किती वर्षं रेटेल ती?

संध्याकाळची पेज आईला मीच भरवली. अर्धी सांडली. सुषमा शेजारच्या खोलीत गाढ झोपली होती. दिवेलागणीला कुणी आडवं झालेलं आईला खपत नाही. आज तिनेच मला मधलं दार हळूच लोटून घ्यायला सांगितलं.